अंबाडीचं सिरम

१२ नोव्हेंबर २०१७, रविवार

कापसाच्या जिनिंगमध्ये मी फिटर, बावीस वर्षं मशीनचं रजिस्टरही मीच लिहिलं. कोणत्या जिनचा रोल कधी बदलला, कुठली सुरी घासली, कोणता पट्टा तुटला. माझी शाळा मराठीतून झाली, अक्षरही बरं, म्हणून ते काम माझ्याकडे. आता रजिस्टर तिथं आणि मी घरी. मंगळवारी शेठनं बोलावून सांगितलं, "जफर, या साली कापूसच येऊन नाही राह्यला. जो येते तो कवडी. गरज पडली की मी बोलावतो." कवडी म्हणजे अळीनं खाल्लेला, पिवळा पडलेला, बोंडातून नीट न सुटणारा कापूस. गुलाबी बोंडअळीनं दिग्रसच्या चारी बाजूंची शेतं तशी करून टाकली. फिटरला काय काम राहणार?

पाच दिवस भिंतीकडे पाहत बसलो. हाताला लिहायची सवय आहे म्हणून ही वही आणली. यात खोटं लिहायचं नाही, एवढंच ठरवलं.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आयशाबी आणि मुलगी मेहनाज. मेहनाज एकोणीस वर्षांची, बारावी सायन्स झालेली, जूनपासून घरीच आहे. उन्हाळ्यापासून तिचं तोंड पुटकुळ्यांनी भरलं. दिवाळीनंतर पुसदचे लोक पाहायला आलते. नाश्ता केला, "कळवतो" म्हणाले, कळवलं नाही. आयशाबी तेव्हापासून एकच गोष्ट बोलते, तोंड बरं झाल्याशिवाय पोरीचं लग्न होत नाही. मेहनाज काहीच बोलत नाही. पोरीनं मनाला लावून घेतलं असावं.

१९ नोव्हेंबर

मेन रोडला शमाचं पार्लर आहे. तिनं मेहनाजला कंपनीची सिरमची बाटली दिली होती, ती संपली. रिकामी बाटली फेकणार होतो, तर मेहनाजनं हातातून घेतली आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागली.

"अब्बा, यात काय हाय माहीत हाय? अंबाडी."

"कोणती अंबाडी?"

"आपली. भाजीवाली. इंग्रजी नावानं लिहिली हाय. तिच्या लाल बोंडाचा अर्क."

मला खरं वाटेना. कापसाच्या धुऱ्यावर, बांधावर फुकट उभी राहते ती अंबाडी काचेच्या बाटलीत? मेहनाजनं बारावीचं पुस्तक काढलं. तिच्या मते लाल रंगात एक गुण असतो, त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. मला कळेना. मग तिनं वांगं कापलं. एक फोड तशीच ठेवली, दुसरी अंबाडीच्या पाण्यात बुडवली. अर्ध्या तासानं पहिली काळी, दुसरी तशीच पांढरी.

"लोखंडाला गंज चढतो ना अब्बा, तसंच कातडीच्या आत होते. हे ते थांबवते. आंबट आहे म्हणून वरची मेलेली कातडीबी सोडवते."

गंज मला समजतो. मी दिवसभर त्या वांग्याकडे पाहत होतो. शेठ बोलावो न बोलावो, हे काम माझ्या घरात होऊ शकतं.

२६ नोव्हेंबर

बाजाराच्या दिवशी जमनाबाई भेटली. जवळच्या तांड्यावरून भाजी घेऊन येते. तिला म्हटलं, अंबाडीची लाल बोंडं पाहिजेत, पोतंभर.

ती हसली. "कापूस कोणी घेत नाही आन तुमी अंबाडी घेता? न्या, बाप्पा. अळीनं तेवढीच सोडली आमच्या वावरात." मग हळूच विचारलं, "कायले पाहिजे?" मी सांगितलं. तिच्या सुनेलाही, संगीतालाही, हाच त्रास आहे. औषध झालं की पहिली बाटली संगीताला, असं ठरलं.

बोंडं सावलीत वाळवली. पाणी बॅटरीचं वापरलं, ते शुद्ध असतं, गॅरेजमधून आणलं. अर्क गाळायला स्वच्छ धुतलेला, उकळलेला कापूस. त्यात ग्लिसरीन, कोरफडीचा गर. बाटल्या होमिओपॅथीच्या दुकानातल्या, थेंब पाडायच्या नळीच्या. आयशाबी म्हणाली, "मेहनाजचे अब्बा, आता बायांचं सामान बनवणार काय?" मी बाटल्या भरत राहिलो. मेहनाज एका वहीत सगळं मापानिशी लिहीत होती. तिचा हात चांगला आहे. एक थेंब इकडचा तिकडे होत नाही.

५ डिसेंबर

सगळ्या बाटल्यांत बुरशी. पांढरे तंतू पाण्यात तरंगत होते. मी एकेक बाटली मोरीत रिकामी केली आणि तिथंच बसून राहिलो. बावीस वर्षांत एक मशीन माझ्या हातून बिघडली नाही आणि हे साधं पाणी मला टिकवता येत नाही.

मेहनाज शेजारी येऊन बसली. "अब्बा, लोणच्यात टाकतात ते सोडियम बेंझोएट आणा. आंबट असलं की ते काम करते. आपला अर्क आंबट हाय."

"तुले कसं माहीत?"

"वाचलं."

आणलं. मापानं टाकलं. पुन्हा सुरुवात.

२० डिसेंबर

पंधरा दिवस झाले, बुरशी नाही. मेहनाज रोज रात्री तीन थेंब लावते. डावा गाल उतरला आहे, उजव्यावर नुसते डाग राहिलेत. पहिली बाटली ठरल्याप्रमाणे संगीताला दिली होती, जमनाबाई आज तिला घेऊन आली. पोरीनं पदर बाजूला करून साफ झालेलं तोंड दाखवलं तेव्हा माझा विश्वास बसेना. जमनाबाई म्हणाली, "तांड्यातल्या पोरी माह्या मागं लागल्या, आमालेबी पाहिजे म्हणून." त्यांच्यासाठी चार बाटल्या तिच्याजवळ दिल्या.

दुपारी शमा आली. मेहनाजची हनुवटी धरून खिडकीपाशी नेली, उजेडात इकडून तिकडून पाहिलं. शमा फुकट स्तुती करत नाही.

"जफरभाई, असंच राह्यलं तर लग्नसराईले चाळीस बाटल्या मी घेते. पण हिचं तोंड माह्या पार्लरमंदी दिसलं पाहिजे. लोकं बाटली पाहून घेत नाहीत, तोंड पाहून घेतात."

जाताना वापरून पाहायला चार बाटल्या घेऊन गेली. आज खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

३० डिसेंबर

आयशाबीनं दारव्ह्याला निरोप पाठवला. शाहिदभाईंचा मुलगा नौशाद, टायरचं दुकान आहे, पोरगा शांत आहे. शाहिदभाई चांगले माणूस. महिनाभरात पाहायला येतो म्हणाले.

मेहनाज भाकरी थापत होती. म्हणाली, "इतक्या लवकर?"

"तोंड बरं झालं ना," आयशाबी म्हणाली. "आता कायची वाट पाहायची?"

थोड्या वेळानं मेहनाज माझ्याकडे आली. "अब्बा, जूनमध्ये यवतमाळले डी. फार्मसीचा फॉर्म निघते. भरू काय?" मी म्हटलं, बेटा, आधी तोंड पूर्ण बरं होऊ दे, मग पाहू. तिनं मान हलवली. मग दुसरंच काहीतरी विचारायला लागली. तुम्ही नवीन नवीन जिनिंगमध्ये लागले तेव्हा हातावर पुटकुळ्या यायच्या म्हणे, त्या कशानं? सांगितलं, ग्रीसनं. ग्रीस कातडीत बसलं की छिद्रं बुजतात, काळ्या टोकाचे फोड येतात. साबणानं रोज घासून धुवायला लागलो तेव्हा गेले. तिला या गोष्टींत फार रस आहे. बापाच्या धंद्यात मन घालते, बरं वाटलं.

७ जानेवारी २०१८

मेहनाजच्या तोंडावर पुन्हा आलं. दोन्ही गाल, कपाळ, हनुवटीखाली. या पुटकुळ्या वेगळ्याच आहेत, काळ्या टोकाच्या. मी सगळं तपासलं. बोंडं तीच, पाणी तेच, माप तेच. संगीताचं तोंड स्वच्छ आहे, त्याच घाण्यातली बाटली आहे. मग माझ्याच पोरीला काय झालं?

शमाला तोंड दाखवता येत नाही. आयशाबीनं दारव्ह्याला कळवलं की घरात आजारपण आहे, थोडं थांबा.

१३ जानेवारी

कोरफड कमी करून पाहिली. ग्लिसरीन कमी केलं. अर्क पातळ केला. काही फरक नाही. मेहनाज माप लिहून देते, पण डोळ्याला डोळा देत नाही. मला वाटतं माझ्यावर चिडली आहे, सारखा तिच्या तोंडावर प्रयोग करतो म्हणून.

घरातल्या टॉवेलला मशीनचा वास येतो अशी आयशाबीची तक्रार. दोन महिने झाले मी मशीनला हात लावला नाही, तरी माझ्या अंगाचा वास जात नसावा. माझ्या हत्यारांच्या पेटीतला ग्रीसचा डबा उघडा राहिला होता, त्यात बोटाचे ओरखडे. उंदीर असतील. झाकण घट्ट लावून ठेवलं.

२५ जानेवारी

बाभुळगावच्या एका जिनिंगमध्ये बेअरिंगचं काम निघालं होतं, दहा दिवसांचं. पेटी उचलून गेलतो. आज परतलो. दार मेहनाजनं उघडलं आणि मी पाहतच राहिलो. तोंड जवळजवळ स्वच्छ.

"काय लावलं?"

"तेच. तुमचंच."

मी होतो तेव्हा बिघडलं, मी गेलो तेव्हा सुधारलं. माझीच नजर लागते का माझ्या पोरीला? असल्या गोष्टी मी मानत नाही. पण आज मानायला लागलो. आयशाबीला म्हटलं, चार तारखेला दारव्ह्याच्या लोकांना बोलाव. शमालाही सांगितलं, पाहुणे गेले की सोमवारी पोरीला पार्लरमध्ये पाठवतो, बाटल्या भरून ठेवतो. पेटी खाटेखाली सरकवली आणि कामाला लागलो. चाळीस बाटल्या भरून ओळीनं ठेवल्या. कागदी लेबलं मेहनाजनं लिहिली.

४ फेब्रुवारी, रविवार

लिहायला हात उचलत नाही.

दोन दिवसांपासून पुन्हा येत होतं. आज सकाळी तर गालावर मोठे लाल फोड, एक फुटलेला, भोवती सूज. आयशाबीनं पावडर लावायचा प्रयत्न केला. पोरगी वेदनेनं मागं सरकली. शाहिदभाई, त्यांची बायको, नौशाद, तिघं आले. मेहनाजनं ट्रे आणला. ओढणी पुढं ओढली होती, पण काय काय झाकणार? शाहिदभाईंच्या बायकोनं तिला जवळ बसवलं, "दुखते काय बेटा?" एवढंच विचारलं. चहा पिऊन गेले. कळवतो म्हणाले.

ते गेल्यावर आयशाबी मला म्हणाली, "तुमी पोरीच्या तोंडाची मोरी करून टाकली." त्यात चुकीचं काय होतं?

७ फेब्रुवारी, यवतमाळ

परवा रात्री ताप चढला. काल सकाळी उजवा डोळा उघडेना, गाल दगडासारखा. पहिल्या एसटीनं यवतमाळला आणलं. मोठ्या दवाखान्यात भरती केली. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "काय लावलं होतं तोंडाला?"

"सिरम. मी बनवलेलं. अंबाडीचं."

"तुम्ही कोण? वैद्य?"

"जिनिंगचा फिटर."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं कागदावर लिहिलं. मग मेहनाजला विचारलं, आणखी काही लावलं का? मेहनाजनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड केलं. बाई म्हणाल्या, वेळेवर आणलं, नाहीतर डोळ्यावर गेलं असतं.

खाटेजवळ फरशीवर बसून हे लिहितो आहे. सलाईनचा थेंब पडतो, मी थेंब मोजतो. मी माझ्या हातानं माझ्या पोरीचं तोंड जाळलं. शेठनं घरी बसवलं तेव्हा गप्प बसायला पाहिजे होतं. कोणाच्या घरी धुणी धुतली असती, दगड फोडले असते.

१२ फेब्रुवारी

कपडे न्यायला एक दिवस दिग्रसला गेलो. मशिदीपाशी दोघं बोलत होते, मला पाहून गप्प झाले. शमा घरी आली होती, आयशाबीनं तिला सगळं सांगितलं. शमा म्हणाली, "आता माह्या पार्लरमंदी ती बाटली ठेवता येत नाही, भाभी. लोकं मले मारतील." जमनाबाईचाही निरोप होता, तांड्यातल्या पोरींनी बाटल्या फेकून दिल्या. संगीतानंही फेकली. तिचं तोंड तर साफ होतं.

चाळीस बाटल्या ओळीनं उभ्या आहेत. मी एक उचलली, मोरीपर्यंत नेली. ओतवली नाही. का, ते माहीत नाही.

१८ फेब्रुवारी

मेहनाज घरी आली. सूज उतरली. उजव्या गालावर दोन खोल खड्डे राहिलेत, ते राहणारच म्हणतात.

आणि आज अल्लाहनं आमच्याकडे पाहिलं. शाहिदभाईंचा फोन आला. म्हणाले, "जफरभाई, दवाखान्याचं समजलं. आमच्या घरातून एकच म्हणणं आहे. लग्नानंतर असं झालं असतं तर टाकून दिली असती काय? नौशादची हो आहे. मार्चमध्ये निकाह करून टाकू." आयशाबी रडायला लागली, मीही. अशी माणसं आजच्या दिवसात कुठं मिळतात? सगळं हातातून गेलं तरी हे एक वाचलं.

मेहनाजला सांगितलं. ती खाली बसली. आनंदानं बसली असं मला वाटलं.

२० फेब्रुवारी

मेहनाज दोन दिवस जेवली नाही. आज दुपारी आयशाबी शेजारी गेली होती. मी चाळीस बाटल्या पोत्यात भरत होतो, गावाबाहेर नाल्यात टाकायला.

मेहनाज मागून म्हणाली, "टाकू नका. तुमच्या सिरमनं काही झालं नाही."

"मग कशानं झालं?"

तिनं खाटेखालून माझी पेटी ओढली. ग्रीसचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

मला समजायला वेळ लागला. ती उभ्यानंच सांगत होती. निजताना लावायची, तुम्ही उठायच्या आधी साबणानं धुवायची. बाभुळगावला पेटी गेली म्हणून दहा दिवस लावता आलं नाही. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी वाटलं, एवढ्यानं होणार नाही. मग सुईनं टोचलं आणि त्यावर लावलं.

"कायले, बेटा?"

"तोंड साफ झालं की माह्यं लग्न. तोंड खराब राह्यलं की तुमचं सिरम खोटं. मले दोन्ही नको होतं. एक दिवस लावायची, दुसऱ्या दिवशी तुमचं तोंड पाहून सोडून द्यायची. मग अम्मी तारीख ठरवायची, मग पुन्हा लावायची. आता ते लोक खराब तोंडालेबी हो म्हणतात. आता माह्याजवळ काही नाही उरलं, अब्बा."

"मले सांगायचं ना."

"सांगितलं. फॉर्मचं विचारलं होतं. तुमी म्हणाले, आधी तोंड बरं होऊ दे."

इथं खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो. तिचं ऐकल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की माझं सिरम बरोबर होतं. पोरगी समोर उभी, गालात दोन खड्डे, आणि बापाच्या मनात हे. एवढी लाज मला कधी वाटली नाही. मग मी तो डबा उचलून भिंतीवर फेकला. मेहनाज घाबरली. मी तिच्यावर फेकला नव्हता. कोणावर फेकला, मलाच माहीत नाही.

२३ फेब्रुवारी

दोन दिवस विचार केला. आयशाबीला फक्त एवढं सांगितलं, मेहनाजला हे लग्न नको आहे, मी मोडायला चाललो. ग्रीसचं सांगितलं नाही. ती म्हणाली, जा, मग माझ्याशी बोलू नका.

काळीपिवळी जीपनं दारव्ह्याला गेलो. शाहिदभाईंनी टायरच्या दुकानात खुर्ची दिली, पाणी मागवलं. नौशाद हात पुसत आला, सलाम करून पुन्हा कामाला लागला. बरा पोरगा आहे. त्याचं काय चुकलं?

"तारखेचं ठरवाले आले काय?" शाहिदभाईंनी विचारलं.

"नाही म्हणायले आलो."

"काहून? देण्याघेण्याचं कोणी काही बोललं काय?"

"नाही. पोरीले शिकायचं हाय."

"मग शिकेल ना आमच्या घरी. कोण अडवते?"

त्यांनी एक दार उघडं ठेवलं होतं आणि ते मला बंद करायचं होतं. म्हटलं, "ती तयार नाही, शाहिदभाई."

त्यांनी काम करणाऱ्या नौशादकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमाले घरी बोलावलं, तवा तिले विचारलं होतं काय?"

"नाही."

"तवाच विचारायचं होतं. माह्या पोराले मी काय सांगू आता? खराब तोंडाच्या पोरीले हो म्हणून बसला, तिनंबी नाही म्हटलं?"

मी माफी मागितली. त्यांनी हात पुढं केला नाही. पाण्याचा गिलास तसाच राहिला. परतताना जीपमध्ये मागच्या सीटवर मान खाली घालून बसलो.

मेहनाजला म्हटलं, जूनमध्ये फॉर्म भर. ती रडली. मला ना आनंद झाला, ना राग आला. कुठून काय भरणार, ते पुढचं पुढं.

११ मार्च, रविवार

सकाळी शेठचा निरोप. या साली जिनिंग चालणार नाही, पुढच्या सालचं सांगता येत नाही, मशिनी विकायचं चाललं आहे. म्हणजे सिरम सोडून माझ्याजवळ काहीच नाही, आणि सिरमही नाही. आयशाबी सोळा दिवसांपासून बोलत नाही. ताट सरकवते आणि आत जाते.

दुपारी दारापाशी स्कूटी थांबली. शमा होती. आत आली, बसली नाही.

"जफरभाई, मी तुमची बाटली गुपचूप वापरत होती. मी, माही भाची, अजून दोघी. चौघींचं तोंड चांगलं हाय. जमनाबाईची सून बाजारात भेटली, तिचं तर फारच चांगलं. मग एकट्या मेहनाजलेच कसं झालं? मी वीस वर्षं लोकांची तोंडं पाहून राह्यली. ते औषधाचे फोड नव्हते. तिनं दुसरं काही लावलं, हो ना?"

आतल्या खोलीचा पडदा हलला. मेहनाज तिथं होती.

"सांगून टाका," शमा म्हणाली. "कंपनीची एखादी क्रीम लावली असेल, काही असेल. तुमी एक डाव सांगितलं की मी बायांना सांगते, औषधाचा दोष नव्हता. लग्नं सुरू होऊन राह्यली. चाळीस काय, शंभर घेईन."

पोतं कोपऱ्यात होतं. चाळीस बाटल्या त्यात तशाच होत्या. एक शब्द सांगितला असता तर त्या उद्या शमाच्या काचेच्या कपाटात दिसल्या असत्या. पण शमाला सांगितलेलं पार्लरमध्ये राहत नाही. लग्न मोडायला पोरीनं स्वतःचं तोंड सुईनं टोचून ग्रीसनं भरलं, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत दिग्रसभर झाली असती, दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला. नौशादच्या कानावर गेली असती. मेहनाज कॉलेजला गेली तरी तिच्या मागं गेली असती. कंपनीच्या क्रीमचं खोटं सांगावं, हेही मनात आलं. पण शमा खोदून विचारणारी बाई. कोणती क्रीम, कुठून आणली, डबी दाखवा.

"दुसरं काही लावलं नव्हतं," मी म्हटलं. "माह्याच सिरमनं झालं. माप चुकलं माह्या हातानं."

"जफरभाई..."

"मी फिटर माणूस. मले ते जमलं नाही. तुमीबी लावू नका, भाचीलेबी सांगा."

शमा माझ्याकडे पाहत राहिली. तिला पटलं नाही, ते दिसत होतं. पण बाप स्वतःच्या तोंडानं सांगतो म्हटल्यावर ती काय करणार? "तुमची मर्जी," म्हणाली आणि वळली.

तेवढ्यात मेहनाज पडद्याबाहेर आली, डोक्यावर ओढणीही नाही. "शमाखाला, थांबा," म्हणत दाराकडे धावली. मी तिचं मनगट धरलं. एकोणीस वर्षांत मी तिला असं धरलं नव्हतं.

"सोडा अब्बा, मी सांगते तिले. सगळं सांगते."

"नाही."

"तुमचं सगळं जाऊन राह्यलं!"

"जाऊ दे."

ती ओढत होती, रडत होती. बाहेर स्कूटी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा सुरू झाली. गल्लीच्या टोकाला आवाज बंद होईपर्यंत मी हात सोडला नाही.